सनदेतली एक ओळ

मागच्या वर्षी आमच्या टीमकडे एका ब्रिटिश क्लायंटचं काम आलं. काम किरकोळ होतं. ग्राहक नोंदणीचा जुना फॉर्म नव्या सिस्टिममध्ये आणायचा. नाव, आडनाव, पत्ता, पोस्टकोड आणि सगळ्यात वर एक ड्रॉपडाउन, ‘टायटल’. आपल्याकडच्या फॉर्मांत तिथे श्री., श्रीमती, कुमारी, फार तर डॉ. असतं. या यादीला स्क्रोलबार होता. सर, डेम, लॉर्ड, लेडी, बॅरन, बॅरनेस, व्हायकाउंट, अर्ल, ड्यूक... मी आणि शेजारी बसणारा टेस्टर बराच वेळ हसत होतो. त्याने टेस्ट डेटामध्ये स्वतःला ‘ड्यूक ऑफ हडपसर’ करून टाकलं.

मग रिक्वायरमेंटमध्ये एक नियम सापडला. मुख्य खातेदार ‘सर’ असेल, तर बायकोच्या रकान्यात आपोआप ‘लेडी’ यावं. मुख्य खातेदार ‘डेम’ असेल, तर नवऱ्याच्या रकान्यात काहीही बदलू नये. म्हणजे नवऱ्याच्या किताबाने बायको लेडी होते, बायकोच्या किताबाने नवरा होता तसाच मिस्टर राहतो. कॉलवर मी विचारलं, की हे असं एकतर्फी का? पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, परंपराच तशी आहे. मी कोड लिहिला. चार ओळी होत्या. टेस्ट पास झाल्या.

रविवारी मामा जेवायला आला होता, त्याला गंमत म्हणून हे सांगितलं. तो खूशच झाला. म्हणाला, "बघ, याला म्हणतात परंपरा जपणं. आणि आपण? पाटीलकी गेली, कुलकर्णीपण गेलं, १९५०च्या एका कायद्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं वतन पुसून टाकलं. ते लोक बघ, हजार वर्षांचं रक्त सांभाळून आहेत." आई आमटी वाढत होती. ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही, कारण मला तेव्हा यातलं फारसं काही माहीत नव्हतं. नंतर मात्र रात्री जागून वाचत बसले. हा लेख म्हणजे मामाला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे. थोडं लांबलंय.

हजार वर्षांच्या रक्तापासूनच सुरुवात करू. ब्रिटनमध्ये नाइट म्हणून जो ‘सर’ मिळतो, तो त्या माणसाबरोबर संपतो. बापाकडून मुलाकडे जाणारा ‘सर’ असतो तो बॅरोनेटचा. त्याच्या वर बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्वेस, ड्यूक अशा उमरावांच्या पायऱ्या. बॅरोनेट उमराव नसतो, त्याला लॉर्डांच्या सभागृहात कधीच जागा नव्हती. हा किताब आज ज्या रूपात आहे तो सुरू केला पहिल्या जेम्स राजाने, १६११ साली. कारण? आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतात वसाहत राखायला सैन्य हवं होतं आणि तिजोरीत पैसा नव्हता. किताबाची किंमत होती १०९५ पौंड. हा आकडा मला आधी विचित्र वाटला, मग हिशोब केला. ३० शिपायांचा ३ वर्षांचा खर्च, प्रत्येकी रोजचे ८ पेन्स. तेव्हा २४० पेन्सांचा एक पौंड होता, म्हणजे ३० शिपायांना रोज बरोबर १ पौंड. ३६५ गुणिले ३. झाले १०९५. इतकं स्वच्छ बिल मी अजून कुठल्या व्हेंडरचं पाहिलेलं नाही.

तेव्हा हे रक्त नव्हे, पावती आहे. आणि ही काही जुन्या काळातली एखादी चूक नव्हती. तीनशे वर्षांनी, पहिल्या महायुद्धानंतर लॉइड जॉर्ज पंतप्रधान असताना किताबांना पुन्हा उघड भाव आला. नाइटहुड १० हजार पौंडांना, बॅरोनेटकी ३०-४० हजारांना, अशी बोली चाले. मॉन्डी ग्रेगरी नावाचा दलाल हेच काम करायचा. इतका बोभाटा झाला, की १९२५ साली किताबांच्या विक्रीविरुद्ध खास कायदा करावा लागला आणि त्याच कायद्याखाली १९३३ मध्ये ग्रेगरीला शिक्षा झाली. त्या काळात विकत घेतलेल्या किताबांचं काय झालं? काही नाही. ते पुढे वारशाने जात राहिले. लाच देऊन नोकरी मिळवली, तर पकडल्यावर नोकरी जाते. इथे लाच नातवाच्या नावापुढे लागून ‘घराणं’ होते.

आता हा किताब निर्माण कसा होतो ते बघा, कारण माझं सगळं भांडण तिथेच आहे. राजा एक सनद काढतो. सनदेत किताब कोणाला ते लिहिलेलं असतं आणि त्याच्यानंतर तो कोणाकडे जाईल याची एक ओळ असते. नेहमीचा मजकूर असा असतो, की त्याच्या शरीरापासून कायदेशीर विवाहातून जन्मलेले पुरुष वारस. ‘औरस पुरुष संतती’ म्हणा. बस. पुढची दोनशे-तीनशे वर्षं ही एक ओळ चालत राहते. ती लिहिणारा कारकून मेला, सही करणारा राजा मेला, ज्या युद्धासाठी पैसे हवे होते ते युद्ध संपलं, तरी ओळ चालूच. माझ्या क्षेत्रात याला लेगसी कोड म्हणतात. कोणी लिहिलं, का लिहिलं हे कोणालाच आठवत नाही आणि हात लावायची कोणाची हिंमत नसते.

ही ओळ मुंबईतही पोचली होती. भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय आणि सीएसएमटीजवळचं जे. जे. कला महाविद्यालय ज्यांच्या नावाने आहे, ते सर जमशेटजी जीजीभॉय. पोरवयात आईबाप गेलेले, नातेवाइकांच्या बाटल्यांच्या धंद्यात उमेदवारी केलेली, मग चीनच्या व्यापारात कापूस आणि अफू यांवर प्रचंड पैसा केला. अफूचा भाग आपल्याकडच्या चरित्रांत जरा घाईने उरकला जातो, पण तो होता. १८४२ साली ते नाइट झाले, असे पहिले भारतीय. आणि १८५७ साली बॅरोनेट. तेच १८५७. दान मात्र खरं होतं आणि मोठं होतं, त्यावर माझा वाद नाही.

वाद पुढे काय झालं त्यावर आहे. वंशपरंपरेचा किताब द्यायचा तर घराणं कायम श्रीमंत राहिलं पाहिजे, नाहीतर पुढचा ‘सर’ कर्जबाजारी निघायचा. म्हणून १८६० साली इथल्या विधिमंडळाने खास एका कुटुंबासाठी कायदा केला. वर्षाला एक लाख रुपये उत्पन्न देणाऱ्या सरकारी रोख्यांची आणि माझगाव कॅसल या वाड्याची मिळकत किताबाला जोडून दिली. ज्याच्याकडे किताब, त्याच्याकडे मिळकत. आणि त्याच व्यवस्थेत एक अट होती. जो कोणी बॅरोनेट होईल, त्याने आपलं नाव टाकून ‘जमशेटजी जीजीभॉय’ हे नाव घ्यायचं. दुसरे बॅरोनेट मूळचे कर्सेटजी. किताब आला तसे ते जमशेटजी जीजीभॉय झाले. तिसरे मूळचे माणेकजी. तेही जमशेटजी जीजीभॉय. त्यांच्यानंतर भाऊ आला, कावसजी, तोही जमशेटजी जीजीभॉय. व्हेरिएबलचं नाव कायम, आतली व्हॅल्यू बदलत राहते.

मला यातली कारागिरी कळते. पारशांमध्ये वडिलांचं नाव मागे लावायची रीत असल्यामुळे आडनाव पिढीगणिक बदलू शकतं, आणि इंग्रजांच्या यादीत तर घराणं एकाच नावाने दिसलं पाहिजे. मग माणसाचं नाव बदला. यादी बदलायची नाही, माणूस बदलायचा. आणि याला म्हणे सन्मान.

याच घरातली आणखी एक गोष्ट. माहीम आणि वांद्रे यांच्यामधल्या खाडीत पूर्वी होड्या उलटून माणसं मरत. तिथे कॉजवे बांधायला सरकार पैसे देईना. जमशेटजींच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले आणि १८४५ साली रस्ता खुला झाला. आज त्याला माहीम कॉजवे म्हणतात, लेडी जमशेटजी रोडवरून गाड्या तिकडेच जातात. बाईंनी पैसे दिले, रस्त्याला नाव मिळालं ते नवऱ्याचं, पुढे फक्त ‘लेडी’ लावून. माझ्या त्या चार ओळींच्या कोडची ही दगडमातीतली आवृत्ती. मी त्या रस्त्यावरून कितीतरी वेळा गेलेय, कधी डोक्यात आलं नव्हतं.

ब्रिटनचे समर्थक म्हणतात, की हे सगळं जुनं झालं, आता समाज बदललाय, किताबही हळूहळू बदलतील. इथेच मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण हे खोटं आहे. समाज बदलला तसतसे कायदे बदलले हे खरंय. पण प्रत्येक वेळी कायदा माणसाळला, की त्यात एक कलम घातलं गेलं. ते म्हणतं, किताब सोडून.

आईवडिलांनी मूल झाल्यावर लग्न केलं तर ते मूल औरस मानावं, असं १९२६ च्या कायद्याने ठरवलं. किताब सोडून. दत्तक मूल सर्व बाबतींत पोटच्या मुलासारखं, असं २००२ चा दत्तकविषयक कायदा म्हणतो. किताब सोडून. दात्याच्या वीर्याने किंवा बीजाने जन्मलेल्या मुलाचे कायदेशीर आईबाप कोण, हे १९९० आणि २००८ च्या कायद्यांनी मोठ्या समजूतदारपणे ठरवलं. किताब सोडून. २००४ साली लिंगबदलाला कायद्याची पूर्ण मान्यता मिळाली. ज्या व्यक्तीला प्रमाणपत्र मिळालं ती सर्व कारणांसाठी त्या लिंगाची. कलम १६ मध्ये लिहिलंय, की याने कुठल्याही उमरावकीच्या किंवा किताबाच्या वारशावर परिणाम होणार नाही. म्हणजे सरकार एखादीला सांगतं, बाई, तू बाई आहेस. पासपोर्टवर बाई, पेन्शनला बाई. फक्त तुझे वडील अर्ल असतील, तर तेवढ्यापुरता तू अजून त्यांचा मुलगा आहेस.

कोड रिव्ह्यूला जर कोणी असं काही आणलं, की प्रत्येक फंक्शनमध्ये तोच एक अपवाद चिकटवलाय, तर आम्ही त्याला सांगतो, बाबा रे, तुझा अपवादच चुकीचा आहे, उरलेला प्रोग्रॅम नाही.

दत्तकाच्या बाबतीत तर आणखी एक मासला आहे. २००४ साली राणीने खास फर्मान काढून उमरावांच्या दत्तक मुलांना ‘ऑनरेबल’सारखी शिष्टाचाराची बिरुदं लावायची परवानगी दिली. बिरुद लावा, वारसा मागू नका. जेवायला बसा, पण पान वेगळं. मराठी माणसाला हे वाचताना सातारा आठवल्याशिवाय कसं राहील? १८४८ साली डलहौसीच्या कारकिर्दीत दत्तक नामंजूर म्हणून साताऱ्याचं राज्य घेतलं, पुढे नागपूर, झाशी. आपण शाळेत शिकलो, की तो इंग्रजांचा कावा होता. कावा होताच. पण त्या लोकांना घरच्या सनदांतूनही हेच ठाऊक होतं, की दत्तक म्हणजे वारस नव्हे. आपल्याकडच्या धर्मशास्त्रात दत्तक पुत्र हा पुत्रच, इतकी साधी गोष्ट त्यांच्या उमरावकीच्या कायद्याला २०२० च्या दशकातही पचलेली नाही.

आता सिन्हांची गोष्ट. ही मला सगळ्यात जास्त लागली. बंगालचे सत्येंद्र प्रसन्न सिन्हा हे नाणावलेले बॅरिस्टर, १९१९ साली ‘बॅरन सिन्हा ऑफ रायपूर’ झाले. वंशपरंपरेने जाणारी उमरावकी मिळालेले ते एकमेव भारतीय. पुढे बिहार आणि ओरिसाचे गव्हर्नर झाले, प्रांताचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९२८ साली वारले. थोरला मुलगा अरुण कुमार. एरवी बाप गेला की मुलगा लॉर्ड होतो. इथे प्रश्न निघाला, की आईबापांचं लग्न १८८० साली हिंदू पद्धतीने झालेलं, आणि हिंदू पद्धतीत त्या काळी दुसरी बायको करता येत असे. केली नव्हती. सिन्हा तर पुढे ब्राह्मो समाजात गेले, तिथे एकपत्नीत्व बंधनकारक. पण करता आली असती ना! मग अशा लग्नाला ‘कायदेशीर विवाह’ म्हणायचं का, आणि त्यातून झालेला मुलगा सनदेतल्या त्या ओळीत बसतो का? लॉर्डांच्या विशेषाधिकार समितीपुढे प्रकरण गेलं. १९३९ साली निर्णय झाला, की होय, मुलगा औरस आहे. बाप गेल्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हा कुठे तो लॉर्ड झाला.

ज्या साम्राज्याने बापाला एक अख्खा प्रांत सांभाळायला दिला, त्यानेच मुलाच्या आईच्या लग्नाची चौकशी केली. मामा, हे तुझं हजार वर्षांचं रक्त सांभाळणं.

आणि रक्ताची चौकशी गोऱ्यांचीही सुटलेली नाही. स्कॉटलंडमध्ये स्टिचिलचे प्रिंगल म्हणून बॅरोनेट घराणं आहे, सनद १६८३ ची. तिथे डीएनए चाचणी झाली आणि कळलं, की आधीच्या शतकात एका पिढीत बॅरोनेट झालेला थोरला मुलगा बापाच्या रक्ताचा नव्हता. २०१६ साली प्रिव्ही कौन्सिलने डीएनएचा पुरावा ग्राह्य धरला आणि किताब एका शाखेकडून उचलून दुसरीकडे दिला. ज्या बाईच्या पोटचा तो मुलगा, ती केव्हाच गेलेली. तिच्या खासगी आयुष्याचा निकाल लंडनच्या न्यायासनापुढे लागला, कशासाठी, तर ‘सर’ कोणी म्हणवून घ्यायचं यासाठी. वंशपरंपरेचा कुठलाही सन्मान शेवटी बाईच्या चारित्र्याच्या दाखल्यावर उभा असतो. बाईला त्यातलं काही मिळत नाही, फक्त दाखला तिच्याकडून हवा.

इथे कोणी म्हणेल, की नियम कडक आहेत, पण नियम म्हणजे नियम. बरं. मग हे ऐका. मार्लबरोच्या पहिल्या ड्यूकचा एकुलता एक तरुण मुलगा १७०३ साली गेला. ड्यूक नुसता ड्यूक नव्हता, ब्लेनहाइमची लढाई जिंकलेला सेनापती होता. १७०६ साली पार्लमेंटने कायदा करून वारसाक्रम बदलला, मुलींना वाट करून दिली. १७२२ साली तो वारल्यावर थोरली मुलगी हेन्‍रिएटा स्वतःच्या हक्काने डचेस झाली. आकाश कोसळलं नाही. आपले शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन. त्यांना दोन मुली, मुलगा नाही. त्यांच्या सनदांमध्ये खास ओळ घातली, की किताब थोरल्या मुलीकडे जाईल. १९७९ साली त्यांची हत्या झाल्यावर पॅट्रिशिया माउंटबॅटन काउंटेस झाल्या आणि लॉर्डांच्या सभागृहात बसल्या. तेव्हाही आकाश कोसळलं नाही.

म्हणजे ओळ बदलता येते. वजन असेल तर बदलते. ‘परंपरा’ हे ज्यांचं वजन नाही त्यांना द्यायचं उत्तर आहे.

वजन असूनही कोणाला सुचलं नाही, अशीही उदाहरणं आहेत आणि ती जास्त बोलकी आहेत. १९८३ साली मार्गारेट थॅचर यांनी विल्यम व्हाइटलॉ यांना वंशपरंपरेचा व्हायकाउंट केलं. व्हाइटलॉ यांना चार मुली होत्या. चार! १९९९ साली ते गेले आणि ‘वंशपरंपरेचा’ किताब त्यांच्याबरोबर संपला. कागदावर लिहिलं होतं विनावारस. खुद्द थॅचरबाई पायउतार झाल्या १९९० साली. साडेअकरा वर्षं देश त्यांनी चालवला, आणि बॅरोनेट झाले त्यांचे यजमान डेनिस. आजवरची ती शेवटची नवी बॅरोनेटकी. बाईंना नंतर मिळाली ती तहहयात उमरावकी, जी त्यांच्याबरोबर संपायची होती आणि संपली. पुढे जाणारा किताब नवऱ्याचा. त्यांना जुळी मुलं, मार्क आणि कॅरल. एकाच दिवशी जन्मलेली. २००३ साली डेनिस वारले आणि मार्क सर मार्क झाला. कॅरल कॅरलच राहिली. २००५ च्या जानेवारीत सर मार्कने दक्षिण आफ्रिकेच्या कोर्टात इक्वेटोरियल गिनीतल्या बंडाच्या प्रकरणात भाडोत्री सैनिकांविरुद्धच्या कायद्याखाली गुन्हा कबूल केला. दंड भरला, स्थगित शिक्षा झाली. ‘सर’ अजून आहे. त्या सनदेला वारसाची एकच पात्रता कळते, आणि ती कॅरलकडे नव्हती.

नेहमीचा शेवटचा बचाव असा, की अहो, असू द्या ना, कोणाचं काय बिघडतं? आता काही अधिकार आहेत का त्यांना? आता नसतील. १९९९ पर्यंत शेकडो उमराव केवळ बापाची मुलं म्हणून कायदे करत होते. त्या वर्षी त्यांना काढलं, पण तडजोड म्हणून ९२ ठेवले, आणि त्यातला एखादा गेला की पोटनिवडणूक. २०१६ साली व्हायकाउंट थर्सो निवडून आले त्या पोटनिवडणुकीत उमेदवार होते ७ आणि मतदार ३. तिन्ही मतं त्यांना पडली. आमच्या सोसायटीच्या पार्किंग समितीलाही यापेक्षा जास्त मतदान होतं. २०२० साली काउंटेस ऑफ मार निवृत्त झाल्या, तेव्हा या वंशपरंपरेच्या जागांवर एकही बाई उरली नाही. उरलेल्यांनाही घरी पाठवायचं विधेयक सरकारने २०२४ साली आणलं. त्यात खुर्चीचा विचार होता. किताबाचा नव्हता. सनदेतल्या ओळीला त्यात कोणी हात लावला नाही.

आणि ओळीला हात लावणं अशक्य आहे असंही नाही. खुद्द सिंहासनासाठी २०१३ साली कायदा झाला, की थोरलं अपत्य वारस, मुलगा असो की मुलगी. त्यासाठी ब्रिटनसह १६ देशांची संमती लागली. ती मिळाली! त्याच वर्षी लॉर्ड लुकस यांनी उमरावांच्या किताबांसाठी तसंच विधेयक मांडलं, ते बारगळलं. राणी मुलगी चालते. बॅरोनेट चालत नाही.

इथपर्यंत वाचलेल्याला वाटेल, की माझी मागणी आहे मुलींना किताब द्या. काही आठवडे मलाही तसंच वाटत होतं. टेस्टरशी वाद घालताना मी तावातावाने तेच म्हणत होते. तो म्हणाला, "म्हणजे बग आहे तो फीचरमध्येच, आणि तू म्हणतेस बग सगळ्यांना सारखा लागू करा." मला राग आला, कारण त्याचं बरोबर होतं.

पण पूर्ण बरोबर नव्हतं, आणि इथे मला आईबद्दल लिहावं लागेल. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा मिळाला, देशभर २००५ साली. कायदा उत्तम आहे. आजोबा गेल्यावर आईने हक्कसोडपत्रावर सही केली. मामाने जबरदस्ती केली नाही. कोणीच करत नाही. तहसीलला जायची गाडी त्यानेच आणली होती, येताना सगळ्यांनी मिसळ खाल्ली. मी कॉलेजात होते, मला विचारलं असतं तरी मी काय बोलले असते कोणास ठाऊक. मिळकत मोठी नव्हती, दीड एकर आणि पडका वाडा. आईला ती हवीही नव्हती. पण ‘नको’ म्हणायला आधी ते तुमचं असावं लागतं, आणि तिच्याकडे निदान सोडायला हक्क होता. कॅरलकडे तोही नव्हता. व्हाइटलॉंच्या चार मुलींकडे तोही नव्हता. म्हणून ‘किताबच फालतू आहेत, मुलींना मिळाले काय न मिळाले काय’ असं पुरुषांनी फार सहज म्हणू नये.

तरीही माझं मत आता टेस्टरच्या बाजूने आहे. मुलींना वारसा दिला, तर पुढचा प्रश्न दत्तकाचा, मग लग्नाआधीच्या मुलाचा, मग दात्याच्या बीजाचा. प्रत्येक दार उघडताना आईच्या लग्नाची तारीख विचारणारा एक कारकून दारात उभा असणारच, कारण वारसा म्हटलं की कोण कोणाचं हे सिद्ध करणं आलं. १९१० पासून बॅरोनेटांचं अधिकृत रजिस्टर आहे, त्यात नाव येण्यासाठी आपण कोणाचे कोण हे कागदपत्रांनी दाखवावं लागतं. तो कारकून सौम्य करता येत नाही. त्याला घरीच पाठवावं लागतं.

टोनी बेन यांनी अर्धा रस्ता दाखवला आहे. वडील व्हायकाउंट स्टॅन्सगेट, थोरला भाऊ युद्धात गेलेला. १९६० साली वडील वारले आणि निवडून आलेला हा खासदार नको असताना लॉर्ड झाला, म्हणून कॉमन्समधली जागा गेली. पोटनिवडणूक लढवून जिंकला, तरी न्यायालयाने जागा हरलेल्या उमेदवाराला दिली. शेवटी १९६३ साली कायदा झाला, की वारसाला किताब नाकारता येईल. बेन यांनी पहिल्याच दिवशी नाकारला. पण तो नकार त्यांच्यापुरताच. २०१४ साली ते गेले आणि किताब थोरल्या मुलाने घेतला, तो पुढे पोटनिवडणुकीतून लॉर्डांच्या सभागृहातही गेला. आयुष्यभर लढलेल्या माणसाला आपल्यानंतरची ओळ खोडता आली नाही.

खोडायला एक वाक्य पुरे आहे. आज जे किताबधारी आहेत त्यांच्या हयातीनंतर कुठलाही किताब कोणाकडेही जाणार नाही. कोणाचं नाव आज काढून घ्यायचं नाही, कोणाच्या घरावर जप्ती आणायची नाही. आपल्या घटनेच्या १८व्या कलमाने राज्याला किताब देण्यास आणि नागरिकाला परदेशी किताब घेण्यास मनाई केली, त्यालाही फार शब्द लागले नाहीत. मामाला कुलकर्णी वतन गेल्याचं दुःख आहे. ते गेलं नसतं तर आज ते त्याच्याकडे असतं, आईकडे नव्हे, आणि यात त्याला काही खटकत नाही.

त्या फॉर्मचं पुढे असं झालं, की मी क्लायंटला एक सुधारणा सुचवली. ‘लेडी’ आपोआप भरू नये, रकाना रिकामा ठेवावा, ज्याला जे लावायचं ते त्याने निवडावं. कामाला अर्धा दिवस लागला असता. तीन आठवड्यांनी तिकीट ‘वोन्ट फिक्स’ म्हणून बंद झालं. चार ओळींचा तो कोड अजून चालू आहे आणि कमिटवर माझं नाव आहे.